फुकट प्रोग्रॅम आणि भाचीचा बस्ता

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मला फसवलं. आमच्या गल्लीतल्या काही भल्या बायका अजून म्हणतात, ‘चुकून झालं असेल हो.’ त्यांच्यासाठी सुरुवातीलाच सांगून टाकते, चुकून झालेलं नाही. समोर बसून, चहा मागवून, हसत हसत केलेलं आहे. आणि केलं ते कुणाला? मला.

मला म्हणजे कुणाला, हे कळल्याशिवाय त्यातली आग कळायची नाही. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात एक स्टोव्ह होता आणि एक तवा. त्या तव्यावर मी कडक भाकरी करायला लागले. ज्वारीची पातळ भाकरी भाजायची, वाळवून पापडासारखी कडक करायची, की ती महिनाभर टिकते. सोबत शेंगांची चटणी. आधी ओळखीच्या दुकानात ठेवली, मग एसटी स्टँडजवळच्या टपऱ्यांवर, मग पुण्याला नोकरीला गेलेले सोलापूरकर कुरिअरनं मागवायला लागले. आज गल्लीतल्या बायका माझ्याकडं कामाला येतात आणि ज्वारी थेट मंगळवेढ्याहून येते. हे सगळं घासाघिशीवर उभं राहिलंय. ज्वारीवाला, शेंगावाला, पिशव्यावाला, टेंपोवाला, कुणालाही माझ्याबद्दल विचारा. आधी कपाळाला हात लावील आणि मग म्हणेल, बाई चोख आहे.

नवऱ्याला मात्र हे सोसत नाही. तो शाळेत क्लार्क होता, आता निवृत्त आहे. दुकानात माझा आवाज चढला की तो हळूच बाहेर जातो आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहतो. सोलापुरातल्या निम्म्या पाट्या त्याला तोंडपाठ आहेत.

आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता बांधतात. दोन्हीकडची माणसं मिळून कापडदुकानात जातात आणि नवरीच्या शालूपासून मानपानाच्या शेवटच्या टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात. पांढऱ्या गादीवर सगळ्यांच्या पुढं, दुकानदाराच्या अगदी समोर, एकच माणूस बसतो. भाव त्यानं करायचा. बाकीच्यांनी कापडाला हात लावून बघायचं आणि सरबत प्यायचं. आमच्या नात्यात ती पुढची जागा माझी. गल्लीतल्या लग्नांतही मला न्यायला रिक्षा घेऊन येतात.

माझी एक पद्धत आहे. भाव ठरला की लोक उठतात. मी उठत नाही. मी पदर सावरते, पाणी मागते आणि विचारते, “वर काय देता?” चादरींचा जोड घेतला की वर नॅपकिन. बस्ता बांधला की वर टॉवेल-टोपी, दोन ब्लाउजपीस. वरचं घेतल्याशिवाय मी कुठल्या दुकानातून बाहेर पडलेली नाही. वरच्याची किंमत थोडीच असते, पण जिंकलं कोण ते त्यावरून कळतं.

कॉम्प्युटरची गरज पडली ती लेबलांमुळं. चटणीच्या पाकिटावर लावायची लेबलं मी एका छपाईवाल्याकडून करून घेत होते. तिखट चटणीचं लेबल लाल पाहिजे, कमी तिखटाचं हिरवं, एवढं साधं काम. पण तो ‘उद्या या’ म्हणायचा. उद्या गेलं की ‘लाइट नव्हती’ म्हणायचा. दिवाळीच्या तोंडावर त्यानं मला तिसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा मी तिथूनच तडक कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. नवरा मागून पिशवी घेऊन.

दुकानदार गोरागोमटा, गोड बोलणारा. कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही दाखवलं, भाव सांगितला. मी निम्म्यावर आले. तो हसला. मी थोडी चढले. नवरा बाहेर गेला. बराच वेळ झाला तरी तो माणूस आपल्या जागेवरून तसूभर हलेना.

“अक्का, यात सुटतच न्हाई काय. माझी बायको घ्यायला आली तरी ह्याच भावात देईन.”

“बायकोला विकता व्हय? धन्य आहे तुमच्या संसाराची.”

त्यानं चहा मागवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो दुकानदार भाव न सोडता चहा मागवतो, त्याच्या मनात काहीतरी असतं. पण मी चहा घेतला, भाव मान्य केला आणि पदर सावरून बसले.

“बरं. वर काय देता?”

“वर म्हंजे?”

“वर म्हंजे वर. चादरीवर नॅपकिन देतात. कॉम्प्युटरवर काय देतात?”

“कॉम्प्युटरवर काय देत न्हाईत अक्का.”

“आजपासून देतात.”

टेबलावर माउसखाली ठेवायचं एक रबरी पॅड होतं, निळं, छान मऊ. मी त्याच्यावर हात ठेवला. “हे द्या.” त्यानं ते माझ्या हाताखालून ओढूनच घेतलं. “ते न्हाई, ते न्हाई. त्याचे पैसे येगळे.” मी दुसऱ्या टोकाला धरलं. तोही सोडेना. एवढ्याशा रबराच्या तुकड्यासाठी आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे भांडलो. शेवटी तो म्हणाला, “सोडा अक्का, त्याच्यापेक्षा लई भारी देतो.” आणि ड्रॉवरमधून एक पेनड्राइव्ह काढला.

पुढं त्यानं जे केलं ते चांगल्या कापडदुकानदाराला शोभेल असं होतं. एकेक प्रोग्रॅम त्यानं पडद्यावर असा उघडला जशी साडी उलगडतात. “हे पत्र-बित्र लिहायचं. हे चौकटीचं, हिशेब आपोआप बेरजेला लागतो. हे फोटो साफ करायचं. आणि हे चित्र काढायचं, तुमची लेबलं ह्यातच करा. बाहेर असलं घ्यायला गेलात तर दरसाल पैसे भरत बसाल.” प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडं बघत होता.

“आणखी,” मी म्हणाले.

त्यानं छातीवर हात ठेवला. “आता मालकाला इचारावं लागंल.”

“मालक कोण?”

“मीच.”

“मग विचारा.”

त्यानं डोळे मिटले, जरा वेळ थांबला आणि म्हणाला, “मालक व्हय म्हणतोय.” मग मराठी टाइप करायचं एक दिलं. इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं. मी तरीही उठले नाही. तेव्हा हताश झाल्यासारखा चेहरा करून त्यानं शेवटचं दिलं, कुठलाही सिनेमा, कुठलंही गाणं चालवणारं. त्याचं चिन्ह म्हणजे रस्ता खोदताना ठेवतात तसला केशरी शंकू. “बास अक्का, आता दुकानच लिहून देतो तुमाला,” म्हणाला. मी सहा प्रोग्रॅम घेऊन विजयी मुद्रेनं बाहेर पडले. नवरा समोरच्या चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचत होता. त्याला म्हटलं, “चल. पॅड दिलं नाही मेल्यानं, पण बाकी सगळं काढून घेतलं.”

त्या प्रोग्रॅमांना मात्र नावं ठेवायला जागा नाही. हे मला रागातही कबूल केलं पाहिजे. चित्राच्या प्रोग्रॅममध्ये मी एका बोटानं, जीभ दातात धरून, पहिलं लेबल केलं. लाल मिरची काढायला गेले, ती गाजरासारखी झाली. नवरा म्हणाला, “गाजराची चटणी नवीन आहे का?” पण आठवड्याभरात मिरची मिरचीसारखी दिसायला लागली. हिरवं लेबल, लाल लेबल, सणासुदीला सोनेरी कडेचं. कडक भाकरीच्या फोटोवर तव्याची काळी सावली पडायची, ती फोटोच्या प्रोग्रॅममध्ये पुसता आली. बेरजा तर आपोआप. छपाईवाला पुढच्या महिन्यात स्वतः घरी आला आणि काही चुकलं का विचारायला लागला. मी त्याला चहा दिला आणि ‘उद्या या’ म्हणाले.

आणि नवरा! आमच्या लग्नाची कॅसेट कधीतरी सीडीवर करून घेतली होती, ती कुठल्याच यंत्रात चालत नव्हती. केशरी शंकूनं ती चालवली. नवरा दुपारभर बघत बसला. मी आत चटणी कुटत होते, तर बाहेरून ओरडला, “अगं ये, तू इथं आंतरपाटाआडून भटजींशी दक्षिणेवरून हुज्जत घालतीयस!” मी गेले नाही. मला माहीत होतं ते.

तर वर्षभर मी मिरवले. बचत गटात, बस्त्यांत, लग्नाच्या पंगतीत. “चादरीवर नॅपकिन कुणीही घेईल,” मी सांगायचे, “कॉम्प्युटरवर सहा प्रोग्रॅम मीच काढले.” बायका तोंडात बोट घालायच्या. आमच्या घरी इंटरनेट होतं ते फक्त मोबाइलवर, कॉम्प्युटरला त्याचा वारा लागलेला नव्हता, त्यामुळं मला शंका यायचं काही कारणच घडलं नाही.

मग नणंद आली. ती बार्शीला असते, नवऱ्यापेक्षा लहान, आणि तोंडानं माझ्या बरोबरीची. तिच्या मुलीचं, म्हणजे आमच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा मंगळवेढ्याचा. बस्ता सोलापुरात बांधायचा होता, तारीख ठरवायला मायलेकी आमच्याकडं मुक्कामाला आल्या. पुढच्या जागेवर मीच बसणार, हे कुणी बोलूनही दाखवलं नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. नणंदेनं स्वतः मुलाकडच्यांना फोनवर सांगितलं होतं, “आमच्या वहिनी हायत की. दुकानदाराला रडवून आणत्यात.”

भाचीनं आपला लॅपटॉप आणला होता. पत्रिकेचा मजकूर करत बसली होती. माझ्या अंगात औदार्य आलं.

“तुला माझ्यातले प्रोग्रॅम देऊ का गं? दुकानदाराला सांगायचं नाही पण. मी लई झगडून काढलेत.”

“कुठले मामी?”

मी अभिमानानं कॉम्प्युटर लावला आणि एकेक दाखवला. ती हळू आवाजात म्हणाली, “मामी, हे सगळे माझ्याकडं आहेत.”

“तू कुणाकडून घेतलेस?”

“कुणाकडून नाही. नेटवरून उतरवायचे. फुकट असतात.”

“तुला ओळखीनं मिळाले असतील.”

“नाही मामी. सगळ्यांना फुकट. जगात कुणालाही.”

नणंद जरा पलीकडं मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

“काय म्हणलीस? फुकट म्हंजे?”

“फुकट म्हणजे फुकट, आई.”

नणंदेनं मेथीचं ताट बाजूला ठेवलं. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग सगळं अंग. “म्हंजे वहिनी, त्या बाबानं तुमाला नळाचं पाणी भेट दिलं की ओ!”

“सोलापुरात नळाचं पाणी भेट दिलं तरी मी घेईन, वन्सं,” मी म्हणाले. “बार्शीकरांना काय कळणार त्याची किंमत.”

पण आवाजात जोर नव्हता, आणि तो नाही हे तिच्या लक्षात आलं. ती डोळे पुसत पुसत म्हणाली, “न्हाई, मी म्हणतीय, बस्त्याला पुढं कुणाला बसवायचं त्याचा आता इचार करावा लागंल. पोरीचं लगीन हाय. उद्या कापडवाल्यानं वर म्हणून वारा दिला तर आमी पिशवीत भरून आणायचा व्हय?”

हसण्यावारी बोलली खरी, पण ती हसण्यावारी बोलते तेव्हाच खरं बोलते. संध्याकाळी तिचा मंगळवेढ्याला फोन झाला. मी स्वयंपाकघरात होते, पण आमच्या स्वयंपाकघराला दार नाही. “न्हाई, मीच बसंन म्हणते पुढं. वहिनी येतील की संगट. मागं बसतील.”

मागं. मागं पाण्याचा जार असतो आणि झोपलेली लहान पोरं असतात.

सकाळी मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. नवरा म्हणाला, “मी येतो, पण आत येणार नाही.” त्याला चष्म्याच्या पाटीसमोर उभं केलं आणि मी आत शिरले.

“तुम्ही मला फुकटचा माल वर म्हणून दिला.”

“अक्का, या या. हळू जरा, गिऱ्हाईक हाय.”

“हळू का? चोरी मी केलीय?”

गिऱ्हाईक खुर्ची ओढून नीट ऐकायला बसलं. दुकानदार माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा अजिबात पडलेला नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

“अक्का, मी खोटं काय बोललो ते सांगा. बाहेर असलं घेतलं तर दरसाल पैसे पडतात म्हणालो. पडतात का न्हाई? मोठ्या कंपन्यांचं घेतलं की पडतात. ह्याला पडतात असं मी म्हणालो का?”

वाक्य पक्कं होतं. ज्वारीवाल्यापुढं मी स्वतः असलीच वाक्यं वापरते.

“आन् मी फुकट हाय म्हणालो असतो, तर तुमी घेतलं असतं?”

“घेतलं असतं. आणि वर पॅड मागितलं असतं.”

“म्हणून तर म्हणालो न्हाई!” तो असा खळाळून हसला की गिऱ्हाईकही हसलं. हसू मलाही आलं, पण मी ते दाबलं. भांडण अर्ध्यात सोडून हसायला लागलं की माणूस हरतो.

“दुसऱ्यांना किती देता?”

“चार. लई रडलं तर पाच. सहा आजवर कुणी काढून घेतले न्हाईत. आईशप्पथ अक्का, फक्त तुमी.”

खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. छाती जराशी पुढं आली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. उजनी धरणाच्या काठावर बसून एकीनं चार तांबे पाणी मिळवलं आणि दुसरीनं झगडून सहा मिळवले, तर त्यात कोण जिंकलं?

“मला माझी अब्रू परत पाहिजे,” मी म्हणाले. “पुढच्या आठवड्यात बस्ता आहे.”

“ती कुठल्या बॉक्समधी येती अक्का? बघतो स्टॉकमधी.”

मी दार आपटून बाहेर आले. काचेचं होतं, आपटलं नाही, आपोआप हळू बंद झालं. त्याचाही राग आला.

रिक्षात नवरा म्हणाला, “लेबलं तर झाली की तुझी.” मी म्हणाले, “लेबलांचं कोण बोलतंय?” डोक्यात ते निळं पॅड घोळत होतं. लाखमोलाचे म्हणून दाखवलेले सहा प्रोग्रॅम त्यानं हसत दिले आणि रबराच्या तुकड्यासाठी जीव टाकत होता. दुकानदार काय देतो ते बघायचं नसतं, काय घट्ट धरून ठेवतो ते बघायचं असतं. पॅडला त्याचे पैसे पडले होते. प्रोग्रॅमला पडले नव्हते. एवढी उघड गोष्ट माझ्या हाताखालून ओढली जात होती आणि मी पडद्याकडं बघत होते.

बस्ता चाटी गल्लीतल्या दुकानात होता. नणंद पुढं बसली. नवी साडी, पर्स मांडीवर. मी मागं, जारजवळ, मुलाच्या आजीशेजारी. आजी मंगळवेढ्याच्या, भारी गोड बाई; मला दोनदा विचारलं, “तुमी कोन?” मी दोनदा सांगितलं, “नवरीची मामी.”

नणंदेनं भाव वाईट केला नाही. खोटं कशाला बोलू. दुकानदार कळवळला, कपाळ पुसलं, ‘मेलो बाई’ म्हणाला, आणि ठरलं. नणंदेनं मान वळवून माझ्याकडं एकदा बघून घेतलं आणि विचारलं, “वर काय देता?”

दुकानदारानं टाळी वाजवली. पोरगा आतून ढीग घेऊन आला. साड्या ठेवायची प्लॅस्टिकची कव्हरं, कापडी पिशव्या, भिंतीवरची घड्याळं. सगळ्यांवर दुकानाचं नाव, ठळक. नणंदेचा चेहरा फुलला. “एवढं सगळं?”

“तुमच्यासाठी काय बी, ताई!”

अगदी तोच आवाज. पेनड्राइव्हचा आवाज. त्याची जाहिरात आम्ही आमच्या खर्चानं बार्शी आणि मंगळवेढ्यापर्यंत वाहून नेणार होतो. माझ्याच्यानं गप्प बसवेना.

मघाशी मी एक गोष्ट बघितली होती. साड्या उलगडत असताना आजींनी एका इरकलीवर हात फिरवला होता, हिरवी, लाल काठाची. नुसता हात फिरवला होता. दुकानदारानं बोलता बोलता ती साडी घडी घातली आणि स्वतःच्या मांडीमागं सारली. कुणाला दाखवून ठेवलेली असणार, किंवा चांगल्या भावाचं गिऱ्हाईक यायचं असणार.

“ते घड्याळ-बिड्याळ आत ठेवा,” मी मागून म्हणाले. “तुमच्या मांडीमागची इरकली काढा.”

दुकानदाराचा हात आपोआप मागं गेला. “ती न्हाई मावशी. ती हिशेबात न्हाई.”

“म्हणूनच.”

“मावशी, ती दिली तर मी मरतो.”

“सकाळपासून चारदा मेलात. पाचव्यांदा मरायला काय होतंय?”

मुलाकडची माणसं हसायला लागली. तो घड्याळं दुप्पट करतो म्हणाला. मी नको म्हणाले. पिशव्यांचा आणखी एक ढीग म्हणाला. मी पाणी मागितलं आणि पदर सावरला. जारजवळच बसले होते, पाणी लगेच आलं. असा किती वेळ गेला माहीत नाही, पण शेवटी त्यानं इरकली अशी काढली जशी दाढ काढतात. ती मी आजींच्या मांडीवर ठेवली.

आजींनी विचारलं, “तुमी कोन?”

“मामी हायत ओ नवरीच्या!” ह्या वेळी नणंद बोलली, आणि जरा सरकून गादीवर जागा केली. “वहिनी, पुढं या की. मागं काय बसलाय पानी पीत.”

मी पुढं गेले. मुलाकडच्या पुरुषांचे फेटे राहिले होते, त्यांचा भाव मी केला.

हल्ली नणंद ती गोष्ट सगळ्यांना सांगते, पण फिरवून. “आमच्या वहिनी म्हंजे जगात जे फुकट हाय ते बी घासाघीस करून आणत्यात.” यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिलाही माहीत नसावं. मला चालतं. माझी जागा मला मिळाली, तिथं माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. लग्न झाल्यावर भाची माहेरपणाला आली, तेव्हा मी तिला विचारलं की हे प्रोग्रॅम करतं तरी कोण. ती म्हणाली, जगभरातली माणसं, आपापल्या घरी बसून, नोकरी सांभाळून, सवडीनं. कुणाला काही चुकलेलं दिसलं की तो दुरुस्त करतो आणि पुन्हा सगळ्यांसाठी ठेवतो.

“आणि त्यांना काय मिळतं?”

“बहुतेकांना काही नाही, मामी.”

“काहीतरी मिळत असणार.”

“कुणी कधी मनानं देणगी देतं. कुणी नुसतं ‘छान आहे’ लिहितं.”

मी आयुष्यात असा व्यवहार ऐकलेला नव्हता. पलीकडं माणूसच नाही, तर घासाघीस करणार कुणाशी? पण एक कळलं. पंगत त्या माणसांनी घातली होती. आमचा दुकानदार मधेच पळी घेऊन उभा राहिला आणि ‘घ्या अक्का, माझ्याकडून’ म्हणून वाढत गेला. आणि वर्षभर मी दुवा दिला तो त्याला.

म्हणून मी एक पाटी केली. त्याच चित्राच्या प्रोग्रॅममध्ये, लाल कडेची, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ‘आमच्याकडे कॉम्प्युटरबरोबर मिळणारे हे प्रोग्रॅम जगात सर्वांना फुकट आहेत. बसवून देण्याची मजुरी घेऊ. उपकार दाखवणार नाही.’ प्लॅस्टिकमध्ये घालून दुकानात नेऊन दिली. त्यानं वाचली, मान डोलावली. “अक्षरं झकास आली अक्का. कडा तर लईच भारी. लावतो की.”

परवा आमच्या शेजारच्या शिक्षिकेला कॉम्प्युटर घ्यायचा होता. तिनं मला बरोबर नेलं. आम्ही दारातून आत गेलो तर दुकानदार एका बाईसमोर बसला होता, टेबलावर दोन कप चहा, छातीवर हात, डोळे मिटलेले. मालकाला विचारत होता. मला बघून त्यानं डोळे उघडले आणि पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये गेला. पाटी भिंतीवर नव्हती. मी शोधली. प्रिंटरच्या खोक्यांवर पालथी पडलेली होती आणि तिच्यावर चहाची किटली ठेवली होती.

त्या बाईला मी तिथंच सगळं सांगितलं. ती बाई रागावली, शेजारीण रागावली, आणि आम्ही तिघींनी मिळून त्याला किंमत सोडायला लावली, दोन्ही कॉम्प्युटरांची. नवरा बाहेरून काचेतून बघत होता, पहिल्यांदाच आतल्या बाजूला. पण पाटीबद्दल विचारलं की दुकानदार हसतो, चहा मागवतो आणि विषय बदलतो.

तर त्या दुकानदाराला मी इथं लिहूनच विचारते. हे ज्यात छापून येईल ते पुस्तक तुमच्या टेबलावर मी स्वतः आणून ठेवीन, माझ्या पैशांनी, वर काही न मागता. मजुरी घ्या, मी एका शब्दानं अडवणार नाही. तुम्ही बसवून देता, चालवून दाखवता, त्याचा मोबदला तुमचा आहे. पण करणारे दुसरे, देणारे दुसरे, आणि आशीर्वाद खाणारे तुम्ही. भोळ्या बायका तुमच्यासमोर पदर सावरून बसतात, वस्तू जिंकली म्हणून घरी जाऊन मिरवतात, आणि त्यांच्या नणंदा कुठंतरी मेथी निवडत बसलेल्या असतात. याचा जाब कुणी द्यायचा? मालकाला विचारतो म्हणू नका. मालक तुम्हीच आहात. डोळे उघडे ठेवून, चारचौघांत, चहा न मागवता सांगा: पाटी का लावली नाही?